ओळखीच्याची झडती

कॉम्प्युटरसमोर बसायच्या आधी तो उभ्यानेच स्वतःचे खिसे थापटायचा. आधी शर्टाचा वरचा, मग पँटचे दोन्ही, मग मागचा. खिशात काही नसायचं. बिडी त्याने जन्मात ओढली नाही, माचीस कधी बाळगली नाही. तरी थापटायचा, आणि समाधान झालं की खुर्ची ओढून म्हणायचा, "हां, आता बसू."

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, बुढा चष्मा शोधून राहिला. चष्मा तर नाकावरच असायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी सुटते, पण नोकरीची खोड सुटत नाही. रिटायर मास्तर लग्नाच्या पंगतीत पोरांना रांगेत बसवतो. रिटायर कंडक्टर देवळातही "पुढे सरका, पुढे सरका" करतो. याची उभी नोकरी जवाहरनगरला, दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. स्टोअरमध्ये बाबू होता. तिथे गेटवर रोज झडती. बिडी, माचीस, लायटर, जे आगीचं असेल ते बाहेर ठेवायचं, तेव्हाच आत पाय टाकायचा. झडती घेणारा पहारेकरी याच्याच चाळीतला, संध्याकाळी याच्याच ओट्यावर चहा पिणारा. पण सकाळी गेटवर तो याचे खिसे असे चाचपायचा की जसा कधी पाहिलाच नाही.

"राग नव्हता येत तुले?" मी एकदा विचारलं.

"राग कायचा दादा? एका माचिसच्या काडीनं सगळे उडालो असतो. ओळख आहे म्हणून झडती सुटत नाही."

हे त्याचं वाक्य. चहा पिताना, भाजी घेताना, कुठेही बसवायचा. मला आधी आधी त्या वाक्याची चीड यायची. आज ते माझ्याच तोंडात बसलं आहे.

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यालाच आवडलं नसतं. म्हणायचा, "नावावर नका जाऊ दादा. नाव पाहूनच तं लोक गाठोडं सोडतात." त्याची खूण सांगायची तर आमच्याच गावचा, बौद्धवाड्यातला. मी ढिवर, नदीच्या घाटावर डोंगा चालवायचो. आमचं गाव वैनगंगेच्या या अंगाला, शाळा त्या अंगाला पवनीत. हा पोट्टा असताना रोज माझ्या डोंग्यात बसून शाळेत जायचा. म्हणून मी त्याचा दादा. तो "जयभीम दादा" म्हणायचा, मी "रामराम" म्हणायचो, दोघांचंही चालायचं.

मी स्वतः चौथीत शाळा सोडली. हे लिहिलेलं माझं मी लिहिलं आहे. सुनेने शुद्ध करून दिलं, त्यातलं निम्मं मी परत खोडलं. तिचं शुद्ध मला माझं वाटत नव्हतं.

तर, भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षांतली ही गोष्ट. हा रिटायर होऊन पवनीला आला आणि बसस्टँडच्या मागे एक खोली घेऊन त्यात कॉम्प्युटर मांडला. लोक म्हणाले, या वयात हे कुठलं खूळ. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "घरात बसून माह्या डब्यांची झडती घेऊन राहिले होते, म्हणून मीच म्हटलं, जा बाई बाहेर." खोली छोटी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबल, टेबलावर टीव्हीसारखा मोठा डबा, त्यावर वहिनींनी शिवलेलं फुलाफुलाचं झाकण. ज्यांची पोरं पुण्याला, सुरतला कामाला गेली होती, ती म्हातारी माणसं त्याच्याकडे येत. पोराची चिठ्ठी आली का पाहायची, तो वाचून दाखवायचा, उत्तर सांगितलं की टाइप करून पाठवायचा.

चिठ्ठी तो लगेच वाचायचा. पण चिठ्ठीसोबत फाईल जोडून आली असली की हात मागे घ्यायचा. त्या फाईलला तो गाठोडं म्हणायचा.

"चिठ्ठी आली ते ठीक. संगं गाठोडंही आलं आहे. आता ज्यानं पाठवलं त्याले इचारू."

आणि विचारायचं कसं, तर खोलीत फोनची एकच लाईन. इंटरनेट चालू असलं की फोन बंद. म्हणून आधी इंटरनेट तोडायचं, मग पोराला फोन लावायचा, "बाबू, तू काही पाठवलं का? काय पाठवलं?" तो हो म्हणाला की पुन्हा इंटरनेट जोडायचं. जोडताना तो डबा गळा आवळलेल्या कोंबडीसारखा ओरडायचा. एवढं होईस्तोवर माणूस बाहेर जाऊन भजी खाऊन परत यायचा.

मी म्हणायचो, "अरे, पोराचं नाव लिहिलं आहे ना वर?"

"नाव कोनाचंही लिहता येते दादा."

व्हायरस काय असतो हे मी त्याच्याकडूनच समजून घेतलं. मला आधी वाटलं, डब्यात घुसणारा किडा असेल, धानावरच्या तुडतुड्यासारखा. तो म्हणाला, "नाही. तो बी लिहलेला हुकूमच असते. मानसानंच लिहलेला. तुम्ही गाठोडं सोडलं की तो कॉम्प्युटरले हुकूम देते, हे पूस, ते पूस. मंग त्यातल्या पत्त्यांवर, तुमच्याच नावानं, आपलीच नक्कल पाठवते. म्हणून तो अनोळख्याकडून कमी येते. ओळखीच्याच्या नावानं जास्त येते. म्हणून ओळखीच्याची झडती आधी."

सकाळी दुकान उघडलं की पहिलं काम, कॉम्प्युटरमधल्या पहारेकऱ्याला ताजं करायचं. तो एक प्रोग्राम होता, त्याला रोज नव्या चोरांचे चेहरे दाखवावे लागतात, असं तो सांगायचा. "काल भरती झालेल्या चोराले परवाचा पहारेकरी कसा ओळखन?" ते होईस्तोवर गिऱ्हाईक आलं तरी बाहेर बाकावर.

आता गावाचं सांगतो.

गोसेचं धरण बांधून होत आलं होतं आणि आमचं गाव त्या पाण्यात जाणार होतं. पुनर्वसनाचे प्लॉट पडले, लोक हळूहळू सामान हलवू लागले. त्या हिवाळ्यात हा एक दिवस साबणाच्या वडीएवढा कॅमेरा घेऊन गावात आला आणि म्हणाला, घरोघरचा फोटो काढतो. घर आणि घरातली माणसं, दारात उभी. पैसा नको, काही नको.

गाव हसलं आणि मग गावाने नवी लुगडी काढली. एका म्हातारीने बकरीलाही दारात उभं केलं, तिच्या गळ्यात झेंडूची माळ. दोन भाऊ भिंतीवरून भांडत होते, त्यांनी एकमेकांचा पाय फोटोत येऊ नये म्हणून मधे खाट आडवी लावली. याने खाटेसकट फोटो काढला.

माझ्या दारात आला तेव्हा मी म्हणालो, "फोटो मेल्या मानसाचा भिंतीवर लावतात. माहं घर मेलं नाही अजून."

"म्हनूनच जिवंतपनी काढून राहिलो ना दादा."

आमची म्हातारी केव्हाच पदर सावरून दारात उभी होती. मी अंगणात आलो आणि घराकडे तोंड करून उभा राहिलो. कॅमेऱ्याला पाठ.

"तोंड इकडं करा दादा."

"मी माह्या घराकडं पाहून राहिलो. तुले काढायचा तं काढ."

म्हातारी दारातून म्हणाली, "अवो, फिरा ना जरासे. लोक म्हणतीन भांडून उभे आहेत."

मी फिरलो नाही. सकाळची वेळ होती, ऊन त्याच्या पाठीवर होतं. त्याने जास्त आग्रह केला नाही. कॅमेरा वर केला, काढला आणि पुढच्या घरी गेला.

नंतर पाणी आलं. कसं आलं ते लिहीत नाही, ज्यांचं गेलं त्यांना माहीत आहे. माझा घाट गेला, डोंगा बांधायचा आंबा गेला, घर गेलं. आमचं गाव तेव्हापासून जमिनीवर कुठे नव्हतं. ते याच्या खोलीतल्या त्या डब्यात होतं.

बाजाराच्या दिवशी लोक पुनर्वसनातून पवनीला यायचे आणि भाजी घ्यायच्या आधी त्याच्या खोलीत जायचे. "सायेब, आमचं दाखवा." तो खिसे थापटायचा, बसायचा आणि दाखवायचा. बायका पडद्यावर बोट ठेवून सांगायच्या, ही आमची चूल, हा माझा तुळशीचा ओटा, ही सासूने लावलेली जास्वंद. काही जणी नुसत्या काचेवरून हात फिरवायच्या. तो कोणाला घाई करायचा नाही. या बाबतीत त्याची एवढीशीही झडती नव्हती.

त्याने घरोघरी सीडी करून वाटल्या. म्हणाला, "कारखान्यात सगळी दारू एका कोठारात नाही ठेवत. कोठारं दूर दूर बांधतात, मधात मातीचे ढिगारे. एक गेलं तं दुसरं राहावं." लोकांनी सीडी घेतल्या, पण सीडी लावायचं यंत्र कोणाच्या घरी होतं? वाटाण्याला पोपट लागले तेव्हा कोणीतरी ती चकचकीत तबकडी दोरीने शेतात बांधली. उन्हात झळकली, पोपट पळाले. मग काय, महिन्याभरात आमचं सारं गाव वाटाण्याच्या शेतात लटकत होतं, वाऱ्यावर गिरक्या घेत.

मला वाटलं, आता हा चिडणार. मी त्याला मुद्दाम दाखवायला नेलं, खोटं कशाला बोलू, मजा पाहायला. तो बांधावर उभा राहिला, बराच वेळ पाहत राहिला. मग हसायला लागला.

"जाऊ द्या दादा. पाखरायनं तरी गाव पाहिलं."

सीड्या ओरखडून खराब झाल्या. उरल्या दोन जागा. एक त्याचा कॉम्प्युटर, आणि दुसरा बाजारातला एक फोटो स्टुडिओ. कागदावर फोटो छापून मिळावेत म्हणून याने सगळे फोटो तिथेही दिले होते. स्टुडिओवाला भला माणूस, हसतमुख, लग्नाचे अल्बम करायचा. कोणी काही पाठवलं की आनंदाने उघडायचा.

आता माझं भांडण.

माझा भाचा सुरतला एका ऑफिसात होता. त्याला पहिली मुलगी झाली. आमची म्हातारी त्या पोरीला पाहायला जीव टाकून राहिली होती, पण तिचे गुडघे गेलेले, सुरत काही होणार नव्हतं. भाच्याने फोनवर सांगितलं, "मामीजी, फोटो पाठवतो." मी तिला बसमध्ये बसवून पवनीला आणली. हाताला धरून खोलीत आणली. याने खिसे थापटले, बसला, पाहिलं.

"आलं आहे, भाच्याच्या नावानं."

म्हातारीने पदराने तोंड पुसलं, जसं काही पोरगीच समोर येणार आहे.

पण याचा हात थांबला. "संगं गाठोडं आहे. चिठ्ठीत तुमचं नाव नाही, मामीचं नाव नाही, पोरीचं नाव नाही. नुसतं इंग्रजीत लिहलं आहे, फोटो पाहा. आणि या फाईलची शेपटी पाहा दादा, नावातल्या टिंबाच्या मागची अक्षरं. नावात फोटो लिहलं आहे, पन शेपटी फोटोची नाही."

खरं सांगतो, शेपटीची गोष्ट मला लगेच समजली. जाळ्यात वाम मासा आला की पाण्यातला साप, हे आम्ही शेपटी पाहूनच ओळखतो, मगच हात घालतो. पण समजणं वेगळं आणि मानणं वेगळं. बायको शेजारी बसलेली, बाहेर बाकावर लोक ऐकत.

"उघड," मी म्हणालो.

"आधी इचारतो त्याले."

त्याने लाईन तोडली, फोन लावला. भाचा जागेवर नव्हता. थोड्या वेळाने पुन्हा लावला. ऑफिसातला माणूस म्हणाला, साहेबासंगं बाहेर गेला, चहाच्या वेळेला येईल.

"चहाच्या वेळेपर्यंत थांबू," हा म्हणाला.

माझं डोकं सरकलं. "माह्या बहिनीचा पोरगा आहे तो! तू त्याले चोर म्हणतो?"

"त्याले नाही म्हणत दादा."

"मंग काय करून राहिला तू? माह्या डोंग्यात बसून शाळेत गेला ना? तवा मी तुही झडती घेतली होती का?"

तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही.

"घेतली होती दादा. पूर असला की रोज घ्यायचे. माहं दप्तर हातात घेऊन वजन पाहायचे. एका दिवशी पाटलाचा जावई पेटी घेऊन बसला, तुम्ही त्याले उतरवलं. तो म्हने, मी कोन आहे माहीत आहे का? तुम्ही म्हटलं, तू कोन आहे हे पान्याले माहीत नाही."

बाहेर बाकावरचा एक जण फसकन हसला. मला ते उत्तर आठवत नव्हतं, पण माझंच होतं यात शंका नाही. असं दुसरं कोण बोलणार?

मी उठून दाराकडे गेलो. हरलो असं कोणी समजू नये. आत उकडत होतं.

म्हातारी म्हणाली, "नऊ महिने पोटात थांबली ते पोरगी, आपन चहापर्यंत नाही थांबू शकत?" आणि आत जाऊन वहिनींसोबत शेंगा सोलत बसली. मी बाकावर बसलो, रस्त्याकडे तोंड करून. याने दोनदा पाणी आणून दिलं. दोन्ही वेळा प्यालो, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

चहाच्या वेळेला फोन लागला. याने रिसीव्हर माझ्या हातात दिला. भाचा म्हणाला, "मामाजी, मी काहीच नाही पाठवलं अजून. आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरले व्हायरस लागला आहे, सगळ्या ओळखीच्यायले माह्या नावानं मेल गेले. उघडू नका!"

मी रिसीव्हर ठेवला. याने काही विचारलं नाही, माझ्या तोंडावरूनच समजला. ती चिठ्ठी गाठोड्यासकट पुसून टाकली, हात झटकले आणि आत आवाज दिला, "चहा ठेवा जी, दादा थांबले आहेत."

तीच चिठ्ठी भाच्याच्या नावाने स्टुडिओतही गेली होती. भाच्याने मागे तिथून गावाचे फोटो मागवले होते, म्हणून पत्ता होता. स्टुडिओवाल्याने हसतमुखाने उघडली. पडद्यावर काही आलं नाही, त्याला वाटलं फाईल खराब असेल. दुसऱ्या दिवशी त्याच्या कॉम्प्युटरमधला एकही फोटो उघडेना. लग्नं गेली, बारशी गेली, आमचं गाव गेलं. तो बिचारा दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. कोणी त्याला बोल लावला नाही. हा तर शेजारी जाऊन बसला, नागपूरहून माणूस बोलावून दिला, पण गेलं ते गेलं.

बातमी पुनर्वसनात पोचली ती अशी पोचली, की कॉम्प्युटरचा रोग आला आणि गावाचे फोटो मेले. कोणाच्या कॉम्प्युटरचा, हे कोणी विचारलं नाही. त्या बाजारच्या दिवशी माणसं त्याच्या खोलीसमोर जमली, जशी अपघात झाल्यावर दवाखान्यासमोर जमतात. ती बकरीवाली म्हातारी सगळ्यांत पुढे होती. तिने विचारलं, "सायेब, आमचं घर आहे ना?"

त्याने खिसे थापटले. वरचा, दोन्ही बाजूचे, मागचा. बसला.

"आहे माय. या, पाहा."

आणि मग एकेकाचं घर दाखवलं. माणूस आत जायचा, पाहायचा, बाहेर येऊन पुढच्याला सांगायचा, आहे. भांडखोर भाऊ दोघं एकत्रच आत गेले, खाट आहे की नाही पाहायला. वहिनींनी चहा केला, तो संपला, पुन्हा केला. मी दाराशी उभा होतो. माझा नंबर आला तेव्हा मी आत गेलो नाही. म्हातारीला पाठवलं. ती बाहेर येऊन म्हणाली, "आहे. तुमची पाठ बी आहे."

मी मनात हिशेब केला. त्या दिवशी त्याने माझं ऐकलं असतं, माझ्या आरड्याओरड्याला भ्याला असता, तर इथे आज काय दाखवलं असतं? एवढ्या लोकांत एकटा तोच असा होता, की ज्याला माझ्या रागापेक्षा आमचं गाव मोठं वाटलं.

आभार मानायची रीत माझ्यात नाही. पुढच्या खेपेला मी तलावातली मोठी मरळ घेऊन गेलो, पळसाच्या पानात गुंडाळून. टेबलावर ठेवली. त्याने पान उचललं, माशाचा कल्ला वर करून पाहिला.

"झडती?" मी विचारलं.

"ओळख आहे म्हणून सुटत नाही दादा."

वहिनी आतून ओरडल्या, "भाऊजी, मनावर नका घेऊ! मी पोळी वाढली तरी आधी उलटून पाहतात!"

भाचीच्या पोरीचा... नाही, भाच्याच्या पोरीचा फोटो पुढे आला, विचारून-सवरून आला. म्हातारीने पडद्याजवळ तोंड नेलं आणि निकाल दिला, "नाक आपल्यातलं आहे." त्या नाकाचा एक छापील फोटो आमच्या घरात मरेपर्यंत तिच्या उशाशी होता.

त्याचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या सख्ख्या मुलीने नव्या घराचा फोटो पाठवला, तर याने तिलाही फोन केला, "बाई, हे तूच पाठवलं ना? तुह्या आजीचं नाव सांग बरं." पोरगी चिडून दोन महिने बोलली नाही. एका पोराच्या नोकरीचं बोलावणं असंच गाठोड्यात आलं होतं, आणि पाठवणाऱ्या ऑफिसात फोन कोणी उचलेना. हा उघडेना, पोरगा रडकुंडीला आला. शेवटी हाच पहिल्या बसने पोराला घेऊन नागपूरला त्या ऑफिसात गेला, विचारून आला, मग उघडलं. पोरगा वेळेवर पोचला ते नशीब. परतीच्या वाटेत पोराने विचारलं, काका, तिथं गेलोच होतो तं कागदच का नाही मागून घेतला? हा म्हणाला, "हां, हे ध्यानातच नाही आलं." ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा आणि स्वतःच जास्त हसायचा.

पुढे घरोघरी मोबाईल आले. खोलीत गर्दी कमी झाली. माझ्या पोराने घरी कॉम्प्युटर घेतला तेव्हा हा बसने आमच्याकडे आला, सगळं गाव त्यात भरून दिलं, सुनेला पहारेकरी कसा ताजा ठेवायचा ते शिकवलं. निघताना म्हणाला, "आता हे दुसरं कोठार. दादा, तुम्ही गेटवर बसा."

मी म्हणालो, "मले काय समजते त्यातलं?"

"समजायची गरज नाही. कोनाले घाबरत नाही, एवढं पुरे आहे. गेटवर तोच मानूस लागते."

माझ्या आयुष्यात मला कोणी दिलेली ही एकच नोकरी. पगार नाही, पण मी सोडलेली नाही.

तो गेला तो झोपेतच गेला. मी पवनीला गेलो तेव्हा त्याला न्यायची तयारी चालली होती, पांढरे कपडे घातले होते. माझी नजर त्याच्या शर्टाच्या खिशावर गेली. मी पुढे होऊन तो खिसा हळूच थापटला. लोकांना वाटलं, म्हातारा निरोप घेऊन राहिला. घेऊनच राहिलो होतो. खोलीत आता मोबाईलच्या काचा बदलून मिळतात. वहिनी नागपूरला लेकीकडे असतात.

परवाची गोष्ट. दुपारी सुनेने मला हाक मारली. आवाज वेगळाच.

"बाबा, इकडं या. काकायच्या नावानं मेल आलं आहे."

मी जवळ गेलो. मला वाचता येते तेवढं त्याचं नाव मी वाचलं. त्याचंच होतं. सून म्हणाली, सोबत फाईल आहे आणि वर लिहिलं आहे, गावाचे फोटो.

मेलेला माणूस चिठ्ठी पाठवत नाही, एवढं मला कळते. चौथीही लागत नाही त्याला. पण तुम्हाला सांगतो, हात म्हणून राहिला होता, उघड. वाटलं, न जाणो, त्याने कधी पाठवून ठेवलं असेल, वाटेत कुठे अडकलं असेल. आमच्या घाटाचा एखादा फोटो असेल, जो मी पाहिलाच नाही. सून माझ्या तोंडाकडे पाहत होती. गाव त्याच डब्यात होतं.

"फोन लाव वहिनीले," मी म्हणालो.

वहिनींना मी विचारलं, "तुमच्या घरून कोनी काही पाठवलं का, त्याच्या नावानं?"

त्यांनी तिकडे लेकीला काही विचारलं. मग म्हणाल्या, "नाही भाऊजी. कोनी नाही. इथं लेकीलेही आलं आहे तसंच." आणि म्हणाल्या, "आम्ही बी नाही उघडलं."

सुनेने विचारलं, "पुसू का बाबा?"

"पूस."

तिने पुसलं. मी खुर्ची ओढून बसलो आणि तिला म्हणालो, आपलं घर दाखव.

घर आलं. दारात म्हातारी, पदर सावरून. अंगणात माझी पाठ. साऱ्या गावाचे फोटो त्याने काढले, पण त्याचा स्वतःचा फोटो कोणी काढला नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. मी पडद्याजवळ तोंड नेलं. सकाळचं ऊन आहे. माझ्या पायांच्या बाजूला, शेणाने सारवलेल्या अंगणात, एक लांब सावली पडली आहे. दोन्ही कोपर वर उचललेले, तोंडाशी काहीतरी धरलेलं.

तो तिथे माझ्या मागे उभा आहे. मी वळून पाहिलं नव्हतं, म्हणून मला दिसला नव्हता.